विळ्यावरचं तांबं

आत्याबाई मला आवडत नव्हत्या. त्यांनाही मी आवडत नव्हते. एका छपराखाली काढलेल्या आठ वर्षांत आमचं दोघींचं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं. त्या माझ्या नवऱ्याच्या सख्ख्या आत्या. उमापूरच्या शिवारात आमची मोसंबीची बाग आहे. तिच्या सातबाऱ्यावर आत्याबाईंचं नाव कुठंच नव्हतं, पण बागेत पान हलायचं तर तेही त्यांना विचारून. मोरचुदाच्या निळ्या खड्यांत हात घालून घालून त्यांची नखं कायमची निळसर झाली होती. गाव त्यांना तोंडावर आत्याबाई म्हणे आणि पाठीमागं निळी आत्या. मी पाठीमागंही आत्याबाईच म्हणायची, ते आदरापोटी नव्हे. पाठीमागं बोललेलं त्यांना बरोबर कळायचं.

त्यांचा कुणावरच विश्वास नव्हता. पुड्यावर छापलेलं प्रमाण, कृषी सहायकानं सांगितलेला डोस, मोबाइलवरचा पावसाचा अंदाज, सगळ्या त्यांच्या लेखी बाजारगप्पा. विश्वास होता तो एका विळ्यावर. त्या विळ्यानं कधी गवताची काडी कापली नाही. राखेनं घासून लखलखीत केलेला तो विळा बागेतल्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेला असे आणि त्याला हात लावायची कुणाला मुभा नव्हती. दिगंबर, म्हणजे माझा नवरा, आईबाप लवकर गेल्यामुळं आत्याबाईंच्याच हातावर वाढला. तोसुद्धा त्या विळ्यापासून चार हात लांब राही.

ज्यांच्या घरी मोसंबी नाही त्यांना हे सांगायला हवं. मोसंबीच्या खोडाला डिंक्या लागतो आणि पावसाळ्यात फळं सडून गळतात. त्यावरचं जुनं औषध म्हणजे बोर्डो. एका टिपाडात, म्हणजे प्लास्टिकच्या मोठ्या पिंपात, मोरचुदाचं पाणी करायचं, दुसऱ्यात चुन्याचं, आणि दोन्ही एकदम तिसऱ्या टिपाडात ओतायची. मोरचुदाचं पाणी आम्लधर्मी, चुन्याचं अल्कधर्मी. दोघं बरोबरीनं भेटले तर आभाळाच्या रंगाचं औषध तयार होतं. चुना कमी पडला तर मोरचूद मोकळं राहतं आणि पानं, फळं जाळतं. हे ओळखायचं कसं, तर घासलेलं लोखंड त्यात बुडवायचं. मोरचूद मोकळं असेल तर त्यातलं तांबं लोखंडावर येऊन बसतं, पातं लालसर होतं. मग चुन्याचं पाणी आणखी घालायचं, लोखंड पांढरं निघेपर्यंत. पुस्तकात हे सगळं आहे. आत्याबाईंनी पुस्तक उघडलं नव्हतं, एवढाच फरक.

मी बी.एस्सी. झालेली, तेही रसायनशास्त्र घेऊन. आल्या आल्या त्यांनी मला नाव ठेवलं, डिग्री. "ए डिग्री, चूल पेटव." "डिग्रीला सांगा, गाय सुटलीय." पहिल्याच पावसाळ्यात मी कॉलेजातून आणलेल्या लिटमसच्या पट्ट्या घेऊन ऐटीत शेडमध्ये गेले. तांबडी पट्टी बोर्डोत बुडवली, ती निळी झाली, आणि मी सांगितलं की चुना पुरेसा आहे, विळ्याची गरज नाही. आत्याबाईंनी पट्टी उन्हात धरून बघितली.

"निळ्यात बुडवल्यावर निळंच हुनार की," त्या म्हणाल्या. "माजी नखं बग. ती बी मंग लई हुशार म्हनायची."

गडी हसले. औषधाचा निळा गाळ पट्टीला चिकटला होता, त्यामुळं खरा रंग कळत नव्हता, हे मलाही दिसत होतं. बोलायला जागा नव्हती याचा जास्त राग आला. त्या दिवशी त्यांनी मला नियम घालून दिला. "टिपाडापाशी हुबं ऱ्हायचं आसंल तर तोंड शिवून हुबं ऱ्हायचं." पट्ट्यांची डबी दुसऱ्या दिवशी चुलीत सापडली.

मोरचूद विरघळवायची त्यांची एक रीत होती. निळे खडे जुन्या फडक्यात बांधून ती पुरचुंडी टिपाडाच्या तोंडाशी, पाण्यात जेमतेम बुडेल अशी आडव्या काठीला लटकवायची आणि रात्रभर तशीच ठेवायची. मला तो टोटका वाटला. एकदा त्या परगावी लग्नाला गेल्या होत्या, तेव्हा मी खडे सरळ पाण्यात ओतले, काठीनं दोनदा ढवळलं आणि झोपले. सकाळी बघते तर तळाला दगडासारखा थर, आणि वरचं पाणी नावाला निळं. आत्याबाई दुपारी आल्या, टिपाडात काठी घालून तळ ठोकून बघितला आणि वळल्या.

"खालचं पानी खाऊन खाऊन गच्च झालं, वरचं उपाशी ऱ्हायलं. पोट भरल्याला वाढतीस आन उपाश्याला इचारीत न्हाईस. ह्या घरात बी आसंच वाढनार हायस का?"

आता यात रसायनशास्त्र किती आणि सासूपण किती, ते वाचणाऱ्यानं ठरवावं. घट्ट द्रावण जड असतं, ते खाली उतरतं. खडे वर टांगले की त्यांच्याभोवती सतत कोरं, हलकं पाणी येत राहतं. खडे तळाला असले की त्यांच्याभोवतीचं पाणी संपृक्त होऊन तिथंच बसतं आणि पुढचं विरघळणं थांबतं. आज गावातल्या शाळेत मी तासिकेवर विज्ञान शिकवते. संपृक्त द्रावणाची व्याख्या सांगितली की वर्ग जांभया देतो. पोट भरलेलं पाणी म्हटलं की मागच्या बाकावरचीसुद्धा मान हलते. हे वाक्य कुणाचं, ते मी मुलांना सांगत नाही.

बाजारात त्यांची दहशत होती. बाजारपेठेत अप्पांचं खताबियाण्यांचं दुकान होतं. कपाळावर विभूतीचे पट्टे, आवाज मऊ, माणूस देवभोळा. आत्याबाई एकदा चुन्याच्या कळीचा एक खडा पदरात बांधून भर बाजारच्या दिवशी त्यांच्या दुकानात गेल्या आणि प्यायला पाणी मागितलं. अप्पांनी तांब्या पुढं केला. आत्याबाईंनी खडा फळीवर ठेवला आणि तांब्या त्याच्यावर ओतला. जिवंत कळी पाणी पडताच फसफसते, वाफा सोडते, हात भाजेल इतकी तापते. हा खडा नुसता ओला होऊन बसला.

"अप्पा, ह्यो मेलाय. मयताचं मी काय करू?"

"हवा लागली आसंल आत्याबाई. पावसाळा हाय."

"हवा चुन्याला लागली का तुमच्या नियतीला?"

गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली. अप्पांनी मुकाट पोतं बदलून दिलं. ते खोटं बोलत नव्हते. हवा लागली की कळीचा चुना हळूहळू मरतो, शेवटी त्याचा खडू होतो. दिसायला पांढराशुभ्रच, पण मोरचुदाला आवरायचं बळ त्यात उरत नाही. अप्पांना नुसतं सांगितलं असतं तरी त्यांनी पोतं बदललं असतं. पण नुसतं सांगणं आत्याबाईंना येत नव्हतं.

घरातही तेच. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की त्यात डाळ मुळातच हट्टीपणा करते. त्यात मी एकदा चिंचेचा कोळ आधीच घातला. डाळ दोन तास उकळली आणि दाणा न् दाणा अखंड राहिला. आंबटात डाळ शिजत नाही, हे मी शिकले होते, फक्त आमटी करताना ते आठवलं नाही. आत्याबाईंनी ताटातला एक दाणा उचलून सगळ्यांना दाखवला आणि भाकरी पाण्याशी खाल्ली. पुढं महिनाभर घरी कुणीही आलं तरी त्याला ती डाळीची गोष्ट ऐकावी लागे.

हे सगळं कुठून आलं, ते मी खूप उशिरा समजून घेतलं, आणि तेही नाइलाजानं. आत्याबाईंचं लग्न शिरूर कासारला झालं होतं. दीड वर्षात त्या माहेरी परत आल्या. का आल्या ते त्यांनी कधी सांगितलं नाही, विचारायची कुणाची छाती नव्हती. भावानं, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्यांना मुरमाड तुकडा दाखवला आणि म्हटलं, इथं काय करायचं ते कर. त्यांनी दीडशे मोसंब्या लावल्या आणि पहिले दोन उन्हाळे डोक्यावरच्या घागरींनी जगवल्या. "बाग हाय तवर मी हाय," असं त्या दिगंबरला म्हणत. त्यांना घराबाहेर काढायचा विचार कुणाच्या स्वप्नातही नव्हता. पण मी आधीच सांगितलं, त्यांचा कुणावर विश्वास नव्हता.

मग लागोपाठ दोन वर्षं फळगळ झाली. कालव्याचं पाणी आलं होतं, आजूबाजूला सगळीकडं ऊस उभा राहिला होता. एका संध्याकाळी जेवताना दिगंबर म्हणाला, "आत्या, यंदा फळ टिकलं तर टिकलं. न्हाईतर दिवाळीनंतर बाग मोडून ऊस लावतो."

आत्याबाईंनी हातातला घास संपवला. "मोड की. मोडायच्या दिवशी मला बी तितं बसव आन माज्यावरनं मशीन घाल."

पण दिगंबरचं ठरलं होतं. तो ठरवलेलं बदलत नाही, हे आत्याबाईंनाही माहीत होतं, कारण ते वळण त्यांचंच.

त्या उन्हाळ्यापासून आत्याबाई जास्तच खेकसायला लागल्या होत्या. दारात कुणी आलं की आधी शिवी हासडत आणि तो माणूस बोलला की मगच नावानं हाक मारत. गहू निवडायला बसल्या की खडे नजरेनं न शोधता बोटांनी चाचपत. सुईत दोरा ओवायला मी गेले तर सुईच फेकून दिली. हे सगळं मी बघत होते आणि म्हातारपणी खवचटपणा वाढतो, एवढाच त्याचा अर्थ लावत होते. प्रेमानं बघणाऱ्या कुणाला तरी दुसरा अर्थ लागला असता.

श्रावणात माझ्या माहेराहून, युसूफ वडगाव या गावाहून, माझे वडील मला भेटायला आले. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते, नुकतेच निवृत्त झाले होते. पिशवीत घरच्या झाडाची चिंच आणली होती. आत्याबाई ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी पिशवीत हात घातला, वास घेतला.

"गुर्जी, पोरीला आंबट कवा टाकावं ते कळंना, आन तुमी आंबटच घिऊन आलाव? गावची पोरं शिकवली म्हनत्यात तुमी. घरची ऱ्हायली वाटतं."

वडील हसले. त्यांचं ते हसणं मला माहीत आहे, शाळेत साहेब तपासणीला येऊन सगळ्यांसमोर बोलला की ते तसं हसत. मी चहा आणून दिला. त्यांनी कप हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि न पिता खाली ठेवला. एसटीची वेळ झाली म्हणाले. एसटीला अजून दीड तास होता. ते पावसात फाट्याकडं चालत गेले आणि मी दारात उभी राहून आत्याबाईंचं वाटोळं चिंतलं. शब्द लिहिण्यासारखे नाहीत.

तीन दिवसांनी उघडीप मिळाली आणि फवारणी निघाली. फळं लिंबाएवढी झाली होती, झाडं लगडली होती, आणि एवढी एक फवारणी नीट झाली की यंदा फळ टिकणार हे सगळ्यांना दिसत होतं. अडचण एकच होती. अप्पांकडं कळीचा चुना संपला होता. दिगंबरनं कुठून तरी चुन्याच्या भुकटीचं पोतं आणलं, त्याचं तोंड आधीच सुटलेलं होतं. आत्याबाईंनी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला.

"ह्येच्यात जीव न्हाई वाटत," त्या म्हणाल्या. "बगू. विळा सांगंल."

दोन्ही पाणी तिसऱ्या टिपाडात पडली. दिगंबर मोटर चालू करायला विहिरीवर गेला होता, दोन्ही गडी पंपाची नळी जोडत होते. टिपाडापाशी आम्ही दोघीच. आत्याबाईंनी विळा बुडवला, पुटपुटत शंभर अंक मोजले, वर काढला, झटकला आणि आभाळाकडं धरला.

पात्यावर वीतभर तांबूस पट्टा उमटला होता. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, तो मला स्वच्छ दिसला. आत्याबाईंनी विळा उलटसुलट केला, डोळे बारीक केले, नाकाजवळ नेला. मग म्हणाल्या, "पांढरं हाय. भरा पंप."

मी बोलले नाही. एक वाक्य पुरलं असतं. चुन्याच्या पाण्याच्या दोन बादल्या आणखी ओतायच्या, एवढंच काम होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर तो न प्यायलेला चहा होता. तोंड शिवून उभं राहायला सांगितलं होतं ना, मी राहिले. मला वाटलं, थोडी पानं करपतील, गावासमोर एकदा तरी निळ्या आत्याचा विळा खोटा पडेल. त्याहून जास्त मला नको होतं. किती जळेल याचा अंदाज मला करता यायला हवा होता, मी तेच शिकले होते. तो अंदाज मी केलाच नाही.

तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा भाजल्या. पाचव्या दिवशी फळांवर काळे चट्टे आले आणि आठवड्यात बागेत चालताना पायाखाली फळंच फळं. आत्याबाई झाडांखाली बसून ती हातांनी गोळा करत होत्या, एकेक फळ अंगठ्यानं चाचपून टोपलीत टाकत होत्या, जणू त्यातलं एखादं परत लावता येणार होतं. दिगंबर त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

"आत्या, विळा बगितला हुतास ना?"

"बगितला हुता. पांढरा हुता."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "तू हुतीस तितं?"

"होते," मी म्हटलं. "पण बघितला त्यांनी. मला कुठं हात लावू देतात?"

या उत्तरात खोटं काहीच नव्हतं. मला त्याचा अभिमानसुद्धा वाटला, हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती. दिगंबर आत्याबाईंच्या डोळ्यांसमोर बोटं हलवून बघत होता. पुढच्या आठवड्यात तो त्यांना बीडला घेऊन गेला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकून गेलेले. डॉक्टर म्हणाले, या बाई वर्षभर वावरल्या कशा? कशा वावरल्या, ते मला माहीत होतं. शिव्या देऊन.

डोळे गेले असं घरात कळलं तर बोर्डो हातातून जाईल, बोर्डो गेला की बाग, आणि बाग गेली की आपण. एवढं सरळ गणित मांडून त्या गप्प राहिल्या होत्या. मी माझ्या रागापायी गप्प राहिले. दोघींच्या गप्प राहण्यात झाडं भाजली.

ऑपरेशननंतर महिन्याभरानं डोळ्यांची पट्टी, काळा चष्मा सगळं सुटलं. त्या दिवशी सकाळीच आत्याबाईंनी मला हाक मारली, डिग्री नव्हे, नुसतं "ए" म्हणून, आणि शेडमध्ये नेलं. भुकटीचं उरलेलं पोतं कोपऱ्यात तसंच होतं. त्यांनी दोन प्लास्टिकचे मग घेतले. एकात चिमूटभर मोरचूद ऊन पाण्यात विरघळवलं, दुसऱ्यात त्याच मापानं भुकटी कालवली, दोन्ही बादलीत ओतली. विळा घासला, बुडवला, शंभर मोजले, काढला. पातं लालभडक झालं होतं.

त्यांनी पात्यावरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडं बघितलं. त्यांची नजर माझ्यावर अशी ठरलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

"तुजे डोळे तर चांगले हायत," त्या म्हणाल्या.

मला म्हणता आलं असतं की दोन महिन्यांत चुना आणखी मेला असेल, त्या दिवशीचं असं सांगता येत नाही. रसायनशास्त्रात तेवढी पळवाट आहे. पण त्या माझ्या डोळ्यांत बघत होत्या.

"दिसलं होतं," मी म्हटलं.

"मंग कावून बोलली न्हाईस?"

"तुम्हीच सांगितलं होतं, तोंड शिवून उभं राहायचं. आणि माझ्या वडिलांना तुम्ही..."

मला वाटलं त्या ओरडतील. विळा हातात होता, तो उगारतील असंही क्षणभर वाटलं. त्यांनी तो बादलीच्या काठावर ठेवला.

"तुज्या बापाला बोलले, मला बोलायचं हुतंस. मला मारायचं हुतंस," त्या हळू म्हणाल्या. "झाडानं काय केलतं तुजं?"

त्या निघून गेल्या. मी तिथंच बसले आणि रडले, आणि रडताना मला त्यांचाच राग येत होता.

दिगंबर दिवाळीनंतर बाग मोडणार होता. त्याच्या आदल्या संध्याकाळी आत्याबाई त्याला म्हणाल्या, "इहिरीकडच्या चार ओळी ठिव. बोर्डो आता ही करंल. हिला येतं." दिगंबर खूश झाला. त्याला वाटलं सासू-सुनेचं मिटलं. चार ओळी राहिल्या, बाकी बागेवरून मशीन फिरलं. आत्याबाई त्या दिवशी मशीनपुढं बसल्या नाहीत. खोलीची कडी लावून आत बसल्या आणि दुसऱ्या दिवशी बाहेर आल्या. आता तिथं ऊस आहे.

पुढचे दोन पावसाळे बोर्डो मी केला. प्रत्येक वेळी त्या शेडमध्ये येत, बादली पालथी घालून तिच्यावर बसत आणि अवाक्षर बोलत नसत. इतक्या वर्षांत ज्यांचं तोंड बंद राहावं म्हणून मी नवस बोलायची बाकी होते, त्या आता गप्प होत्या, आणि ते मला सहन होत नव्हतं. विळा वर काढला की मी आधी पातं आणि मग त्यांचा चेहरा बघायची. मला जे दिसत नाही ते त्यांना दिसत असेल का? दिसलं तर सांगतील का? एकदा मी न राहवून विचारलं, "आत्याबाई, पांढरं आहे ना?"

"तुजे डोळे चांगले हायत," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा विळा घासला, पुन्हा बुडवला. एकेका फवारणीला तीन-तीनदा बुडवायची. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी इतकी नीट कधीच वागले नव्हते. चार ओळी टिकल्या, त्यांना फळ लागलं. पहिली मोसंबी मी त्यांच्या हातात दिली, ती त्यांनी गायीपुढं टाकली.

गेल्या हिवाळ्यात त्या तापानं पडल्या. उशाशी मीच बसायची, कारण दुसरं कुणी नव्हतं, आणि त्या मलाच बोलावून पाणी मागत, त्याचंही कारण तेच. एके दुपारी घरात कुणी नसताना मी विचारलं, "आत्याबाई, दिगंबरला सांगू का?"

त्यांनी डोळे उघडले. "मला कावून इचारतीस? मी बोलले का कदी? मी न्हाई सांगनार. तुजं तू सांग."

मला वाटलं होतं, जाताना काही तरी म्हणतील. माणसं म्हणतात म्हणे. चार दिवसांनी त्या गेल्या, तेव्हा मी पाणी तापवत होते. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मला वाटतं त्यांनी केलंही नव्हतं. त्यांनी सांगायचं ते माझ्यापाशी ठेवलं आणि गेल्या.

दिगंबर अजूनही कुणी उसाचं विचारलं की सांगतो, "आमच्या आत्याच्या डोळ्यांनी बाग खाल्ली." त्याच्या बोलण्यात राग नसतो, मायाच असते. गावही तेच म्हणतं. दिगंबर हे बोलतो तेव्हा मी तिथंच असते, चहा गाळत, भांडी आवरत, आणि दर वेळी गप्प राहते. आत्याबाई मला आजही आवडत नाहीत. पण ज्या चुकीचं पाप त्यांच्या माथी आहे ती निम्मी माझी आहे, आणि ती त्यांच्या तेराव्यालाही त्यांच्याच नावानं बोलली गेली.

म्हणून हे लिहिलं. वही मी दिगंबरच्या हातात देणार आहे आणि तो वाचेपर्यंत समोर बसणार आहे. आत्याबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, येवढं पाल्हाळ कावून, एका वाक्यात सांग की. दिगंबर, त्या दिवशी विळ्यावर तांबं आलेलं मला दिसलं होतं, आणि मी मुद्दाम बोलले नाही.